आधी कोणता कागद? जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसाचा अनुभव

जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसाला काय काय लागतं याची यादी दूतावासाच्या संकेतस्थळावर मिळते. यादी स्वच्छ आहे, तिच्यात काही लपवलेलं नाही. पण कोणता कागद हाती आल्याशिवाय पुढचा मिळत नाही, हे त्या यादीवरून कळत नाही. माझा २०२५चा बराचसा काळ तेवढं एक उलगडण्यात गेला. या वाटेवर निघालेल्या कुणाला त्याचा उपयोग व्हावा, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी स्थापत्य अभियंता. ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात जलविज्ञान आणि जल अभियांत्रिकीचा इंग्रजी माध्यमातला पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, त्यासाठी मला जायचं होतं. तिकडचं हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होतं. मी वहीच्या पानावर सर्वांत वर ती तारीख लिहिली आणि तिथून उलटी मोजत खाली आले. ऑक्टोबरच्या आधी व्हिसा. व्हिसाच्या आधी ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे वर्षाच्या खर्चाचे पैसे अडकवून ठेवायचं खातं. त्याच्या आधी प्रवेशपत्र. प्रवेशपत्राच्या आधी एपीएसचं, म्हणजे आपली पदवी तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचं, प्रमाणपत्र. एपीएसच्या आधी विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा. प्रत्येक पायरीला लागणारे आठवडे धरत गेले तेव्हा दिसलं, की ट्रान्सक्रिप्टचा अर्ज आदल्या वर्षीच्या दिवाळीनंतर लगेच टाकायला हवा. सगळं पुढे कसं होईल हे त्या एका पानानं ठरवलं. एजंट करावा का, असं घरी सगळे विचारत होते. ते पान बघितल्यावर बाबांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

एपीएस हा त्यातला नवा टप्पा. आमच्या कॉलेजचे जुने सीनियर तो न करताच जर्मनीला गेले, त्यामुळे त्यांना विचारून काही उपयोग नव्हता. १ नोव्हेंबर २०२२पासून भारतातल्या पदवीवर जर्मनीत शिकायला जाणाऱ्यांना व्हिसासाठी हे प्रमाणपत्र बंधनकारक झालं. चीनमध्ये असं कार्यालय २००१पासून आहे. आपल्याकडचं दिल्लीत, जर्मन दूतावासाशी जोडलेलं. गुणपत्रिका आणि पदवी खरी आहे का, आणि ती जर्मन विद्यापीठात प्रवेशाला पुरते का, एवढंच ते तपासतात. मी भरलं तेव्हा शुल्क १८,००० रुपये होतं. रक्कम लहान नाही, पण हा कागद एकदा हाती आला की तुमच्या मार्कांवर पुढे कुणी शंका घेत नाही. मला त्याची किंमत पटली.

या टप्प्यावर आपल्याकडच्या मुलांना हमखास छळते ती नावाची गोष्ट. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पदवीवर काही वेळा आईचंही नाव येतं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि बाकीचं नाव वेगळं. आपल्याला हे सगळं एकाच माणसाचं आहे हे न सांगता कळतं, पण परक्या देशातल्या माणसाला ती तीन वेगळी माणसं वाटू शकतात. मी पहिल्या दिवसापासून पासपोर्टवरचं नाव प्रमाण धरलं. विद्यापीठाच्या अर्जात, बँकेत, विम्यात, ईमेलच्या सहीत, सगळीकडे तेच आणि त्याच क्रमानं. शिवाय प्रत्येक कागदावर नाव कसं छापलंय आणि त्यातला कोणता शब्द काय आहे हे सांगणारं एक पान बनवून फाईलमध्ये सुरुवातीलाच लावलं. त्यावरून मला कुणी एकही प्रश्न विचारला नाही.

मार्कांचंही असंच एक भाषांतर करावं लागतं. जर्मनीत १.० हा सर्वोत्तम गुण आणि ४.० म्हणजे काठावर पास. आपले गुण त्या मोजपट्टीवर आणायला एक सूत्र वापरतात, त्याला सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात. कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि उत्तीर्ण गुणांच्या फरकानं भागायचं, तीननं गुणायचं आणि एक मिळवायचा. दहापैकी ८.२ सीजीपीए असेल आणि उत्तीर्ण व्हायला ४ लागत असतील, तर उत्तर येतं १.९. कुठे अर्ज करायचा हे ठरवण्याआधी हा आकडा काढून ठेवावा. पुष्कळ अभ्यासक्रमांची अट २.५च्या आसपास असते, आणि आपण कुठे बसतो हे मग दोन मिनिटांत कळतं.

प्रवेशाचा अर्ज युनि-असिस्टमार्फत गेला. ती बऱ्याच विद्यापीठांची कागद तपासणारी संस्था आहे. त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. कागद नीट चढवायचे आणि मुदत पाळायची.

प्रवेशपत्र आलं तेव्हा घरात आनंद होताच, पण त्याच रात्री पैशांचं बोलणं सुरू झालं. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपियन संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७पासून सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. ड्रेस्डेन त्या राज्यात नाही, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. पण शुल्क नसलं तरी वर्षभर खाणार काय, राहणार कुठे, याची सोय व्हिसाच्या आधीच दाखवावी लागते. ती रक्कम सप्टेंबर २०२४पासून महिना ९९२ युरो, म्हणजे वर्षाचे ११,९०४ युरो आहे. ती ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी पूर्ण भरायची आणि जर्मनीत पोचल्यावर दरमहा ९९२ युरोच काढता येतात. माझ्या वेळच्या दरानं ही रक्कम १२ लाख रुपयांच्या जवळ जात होती.

आमच्याकडे शेती आहे, एवढे पैसे रोख नाहीत. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळू शकतं, त्याच्या वर तारण लागतं. शेतजमीन असून उपयोग नाही, कारण थकलेलं कर्ज वसूल करण्याचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, म्हणून बँका ती घ्यायला तयार नसतात. गावठाणातलं घर आजोबांच्या नावावर, वारसनोंद अर्धवट. मी हे लिहिते आहे, कारण माझ्यासारख्या घरातली कितीतरी मुलं इथवर येऊन थांबतात, आणि त्यांना वाटतं की अडचण फक्त आपल्याच घरात आहे. शेवटी तारणाला आत्याचा फ्लॅट आला. आत्यानं एका वाक्यात विषय संपवला. "फ्लॅट काय मी डोक्यावर घेऊन जाणार आहे? लाव कागदाला." त्यानंतर फ्लॅटच्या मालकीच्या नोंदी तपासणारा वकिलाचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, मूल्यांकन, गहाणखत असं सगळं झालं. ज्यांना कर्ज घ्यायचंय त्यांनी प्रवेशपत्राची वाट न बघता सर्च रिपोर्ट आधीच करून ठेवावा. त्याला प्रवेशपत्राची गरज नसते, आणि वेळ सर्वांत जास्त तोच खातो.

पैसे जर्मनीला पाठवण्याचं काम कर्ज मिळण्याइतकंच किचकट होतं. शाखेतल्या साहेबांनी पहिल्यांदाच असा अर्ज बघितला होता. "फी नाही म्हणता, मग बारा लाख कशाचे?" त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. मी प्रवेशपत्र, खातं उघडल्याचं पत्र आणि दूतावासाच्या संकेतस्थळावरची ती अट, तिन्ही छापून नेली होती. परदेशी पैसे पाठवायला ए-टू नावाचा फॉर्म भरतात. त्यात कारणाचा संकेतांक लिहावा लागतो. शिक्षणासाठीच्या खर्चाचा संकेतांक एस०३०५, तो आपणच सांगावा. एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर पैसे बाहेर पाठवले की टीसीएस, म्हणजे बँकेनं तिथेच वसूल करायचा कर, कापला जातो. एप्रिल २०२५पर्यंत ही मर्यादा ७ लाखांची होती. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर मात्र त्याच महिन्यापासून तो लागत नाही. म्हणून कर्जाचा आणि घरचा वाटा वेगवेगळा दाखवणं फायद्याचं असतं.

याच फॉर्मवर एक बारीकसा रकाना आहे, मधल्या बँकांचा खर्च कुणी सोसायचा याचा. तिथे 'अवर', म्हणजे पाठवणाऱ्यानं, हा पर्याय निवडायचा. तो निवडला नाही तर वाटेतली बँक आपला आकार रकमेतूनच कापून घेते आणि पलीकडे पंधरा-वीस युरो कमी पोचतात. पूर्ण रक्कम जमल्याशिवाय खात्याचं प्रमाणपत्र निघत नाही आणि त्याच्याशिवाय व्हिसाचा अर्ज पूर्ण होत नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलाचे पैसे असेच थोडे कमी पोचले आणि उरलेल्या थोड्या युरोंसाठी पुन्हा सगळं करावं लागलं. रक्कम पाठवताना थोडी जास्तच पाठवावी. वरचे पैसे खात्यातच राहतात, कुठे जात नाहीत.

आता उद्देशपत्र, म्हणजे मी हे शिकायला का जाते आहे हे सांगणारं पत्र. व्हिसाच्या फाईलमध्ये बाकी सगळं कुणीतरी दुसऱ्यानं दिलेलं असतं, विद्यापीठानं, बँकेनं, विमा कंपनीनं. आपला स्वतःचा आवाज असलेला कागद हा एकच. आणि नेमका तोच कागद लोक विकत घेतात किंवा नमुन्यावरून उतरवतात. मी पाहिलेल्या नमुन्यांमध्ये प्रत्येकाला लहानपणापासून विज्ञानाची आवड होती आणि जर्मनी हे प्रत्येकासाठी अभियांत्रिकीचं माहेरघर होतं. अशी पत्रं दिवसभर वाचणाऱ्या माणसाला तुमच्याबद्दल त्यातून काय कळणार?

मी बरेच दिवस काहीच लिहिलं नाही. मी हे का करते आहे, हेच आधी स्वतःला विचारत बसले. पदवीनंतर मी भूजल सर्वेक्षण करणाऱ्या एका छोट्या संस्थेत काम करत होते. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टचा आहे. या दगडात पाणी सगळीकडे सारखं मुरत नाही, भेगा आणि झिजलेले थर असतील तिथेच ते सापडतं. एका शेतात बोअरला पाणी आणि बांधापलीकडे दोनशे फूट कोरडं, हे मी रोज बघत होते. ते का होतं हे मला ढोबळमानानं सांगता यायचं, आकड्यांत मांडता येत नव्हतं. भूजलाचं प्रवाहगणित शिकवणारे विषय त्या अभ्यासक्रमात होते. म्हणून ड्रेस्डेन. हे एवढं साधं होतं, आणि ते तसंच लिहिलं. कोणत्या विषयातून काय शिकायचंय, परत येऊन कुठे वापरायचंय, हे नेमकं लिहिता येत नसेल तर थोडं थांबून आधी तेच शोधावं असं मला मनापासून वाटतं. व्हिसा मिळेल न मिळेल, ते उत्तर आपल्याला हवंच असतं.

पत्रातला अवघड भाग होता तो स्पर्धा परीक्षेचा. नोकरी लागण्याआधी मी लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवेची तयारी करत होते. पूर्वपरीक्षा निघाली, मुख्य राहिली. पुष्कळ जण सांगत होते, ती वर्षं कुठल्यातरी कंपनीचं अनुभवपत्र लावून झाक. मला ते मुळीच पटलं नाही. खोटा अनुभव उघडा पडला तर नुसता व्हिसा जात नाही, नावाला लागलेला डाग पुढच्या प्रत्येक अर्जाला चिकटतो. आणि त्यात लपवण्यासारखं आहे तरी काय? हजारो मुलं ज्या परीक्षेला बसतात तिची दोन वर्षं मन लावून तयारी केली, हे अभ्यासाचंच लक्षण आहे. ही परीक्षा म्हणजे काय, तिचे टप्पे कोणते, मी कुठवर पोचले, हे चार ओळींत लिहिलं. सोबत परीक्षेचं हॉल तिकीट आणि पूर्वपरीक्षेचा निकाल जोडला. जिथे जिथे वर्षं रिकामी दिसतात तिथे कारण आणि पुरावा शेजारी शेजारी ठेवला की वाचणाऱ्याला थांबावं लागत नाही.

हे सगळं चाललं असताना मित्रमैत्रिणी इतर देशांच्या मागे होत्या, आणि रात्री फोनवर आम्ही एकमेकांना ताजी खबर द्यायचो. अमेरिकेचा सगळा भर मुलाखतीवर. काही मिनिटं खिडकीसमोर उभं राहायचं आणि तेवढ्यात समोरच्याला पटवायचं की तुम्ही शिकून परत जाल. त्यातच मे २०२५च्या शेवटी त्यांनी विद्यार्थ्यांच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणंच थांबवलं. जूनमध्ये पुन्हा सुरू केल्या त्या समाजमाध्यमांवरची खाती तपासण्याच्या अटीसह. एक मैत्रीण त्या दिवसांत धड जेवतही नव्हती. ब्रिटनला पैसे सलग २८ दिवस खात्यात पडून असावे लागतात, एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पहिल्यापासून. हे ऐकताना जाणवायचं की विचारणारा देश कुठलाही असो, त्याला जाणून घ्यायचंय तेच: खरंच शिकायला येताय ना, आणि तोवर जगाल कशावर?

अर्ज आता ऑनलाइन होतो. जर्मन परराष्ट्र खात्याचं पोर्टल १ जानेवारी २०२५पासून जगभरातल्या त्यांच्या सगळ्या व्हिसा कार्यालयांसाठी खुलं झालं. तिथे फॉर्म भरून कागद चढवायचे. ते प्राथमिक तपासतात, काही कमी असेल तर कळवतात, मग प्रत्यक्ष भेटीची वेळ मिळते. घरबसल्या चूक सुधारायची संधी मिळते, ही फार मोठी सोय आहे. कागद चढवताना प्रत्येक फाईलला साधं, वाचता येईल असं नाव दिलं आणि स्कॅन सरळ, पूर्ण पानाचे केले. मोबाइलवरून घाईत काढलेले, कोपरा कापलेले फोटो लावू नयेत.

प्रत्यक्ष भेट मुंबईला व्हीएफएसच्या, म्हणजे दूतावासासाठी अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या, केंद्रात झाली. लोक तिला मुलाखत म्हणतात, पण तिथे कागद जुळवून घेतात, बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, शुल्क घेतात. ते ७५ युरो आहे, भरायचं रुपयांत. निर्णय तिथे होत नाही, तो वाणिज्य दूतावासात होतो. मूळ पदवी आणि गुणपत्रिका बघून परत देतात, पासपोर्ट ठेवून घेतात. मी यादीच्याच क्रमानं दोन संच लावून नेले होते, त्यामुळे काउंटरवरच्या ताईंना काही शोधावं लागलं नाही. त्यांनी दोनतीन प्रश्न विचारले, कोणता अभ्यासक्रम, खर्च कोण करणार. बाहेर आले तर आई पायऱ्यांवर बसली होती, "एवढ्यात झालं?" म्हणाली.

नंतरची वाट बघणं मात्र कठीण. पण त्या काळात नेमकं काय चाललेलं असतं हे माहीत असलं की जीव थोडा शांत राहतो. विद्यार्थी व्हिसाचा अर्ज दूतावासाकडून तुमच्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयाकडे जातो. त्यांनी तीन आठवडे आणि दोन कामकाजाचे दिवस एवढ्या मुदतीत हरकत घेतली नाही तर त्यांची संमती धरली जाते. म्हणून पहिल्या तीन-चार आठवड्यांत ईमेल करून काही हाती लागत नाही. मी दर दोन दिवसांनी ईमेल करणाऱ्यांपैकी नव्हते, पण दारावर कुरियरवाल्याची चाहूल लागली की बाबा माझ्याआधी उठायचे.

अर्ज नाकारला गेला तर काय, हा विचार त्या दिवसांत टळत नाही. आधी नकाराविरुद्ध दूतावासाकडेच फेरविचाराचा अर्ज करता यायचा. १ जुलै २०२५पासून जर्मनीनं ती सोय जगभर बंद केली. आता एकतर नव्यानं अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दाद मागायची. म्हणजे पहिलाच अर्ज पूर्ण आणि चोख असणं आधीपेक्षा जास्त गरजेचं झालंय. आणि आधी पर्यटक व्हिसावर जाऊ, तिथे गेल्यावर विद्यार्थी व्हिसा करून घेऊ, असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नये. भारतीय नागरिकांना जाण्याआधीच राष्ट्रीय व्हिसा, त्यांचा 'डी' प्रकार, घ्यावा लागतो.

पासपोर्ट सप्टेंबरमध्ये परत आला. व्हिसा बघून आनंद झाला तरी पहिलं काम डोळ्यांत तेल घालून वाचण्याचं. नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट क्रमांक, व्हिसा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. सुरुवातीच्या तारखेआधी जर्मनीत पाऊल ठेवता येत नाही, म्हणून तिकीट मी त्यानंतरच काढलं. व्हिसाची मुदत अभ्यासक्रमाइतकी नसते, काही महिन्यांचीच असते. पुढचा निवासपरवाना तिकडे जाऊन घ्यायचा.

त्यामुळे व्हिसाच्या फाईलचं काम विमानतळावर संपत नाही, ती हातातल्या बॅगेत घेऊनच मी चढले. ड्रेस्डेनला घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, त्याला घरमालकाची सही असलेला फॉर्म लागतो. नोंदणी झाली, बँकेत चालू खातं उघडलं, मग ब्लॉक्ड अकाउंटमधले पहिले ९९२ युरो निघाले. त्यातून विद्यार्थ्यांच्या सरकारी आरोग्यविम्याचे महिन्याला १४० युरोंहून जास्त गेले, बाकीचं बहुतेक भाड्यात. निवासपरवान्याच्या अर्जाला पुन्हा प्रवेश, विमा, पैसे, पत्ता, हेच सगळं त्याच क्रमानं मागितलं. परवान्याच्या पुढच्या नूतनीकरणालाही खर्चाची सोय दाखवावी लागणार आहे. इथे विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. विद्यापीठातल्या विद्यार्थी सहायकाचं काम त्या मर्यादेत धरत नाहीत. भूजल विभागाच्या फलकावर तशी एक जागा लागली होती, तिचा अर्ज मी वर्ग सुरू झाल्या आठवड्यातच दिला.